पाळत की सांभाळ?

चोरावर पाळत ठेवतात. लेकराचा सांभाळ करतात. लक्ष ठेवणे दोन्हीकडे आहेच, परंतु हेतू भिन्न. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी आता संवेदक बसवले जात असताना हा भेद नव्याने पारखून घ्यावा लागत आहे.

१९९६ साली टोकियोच्या इकेबुकुरो भागात एक वृद्ध माता व तिचा आजारी मुलगा घरातच मृत्यू पावले आणि कित्येक दिवस कोणाला त्याचा पत्ताही लागला नाही. त्या घटनेने जपान हादरला. पुढे २००१ साली झोजिरुशी कंपनीने पाणी तापवण्याचे एक विजेचे भांडे आणले. वृद्धाने चहासाठी ते वापरले, की दूरच्या मुलांना ई-मेलने तसे कळू लागले. २००४ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन स्त्रियांच्या घरी दोन आठवडे प्रत्येकी ७७ ते ८४ संवेदक लावले होते. त्यांपैकी एक ८० वर्षांची होती. कॅमेरा नव्हता. दारे, कपाटे, खण यांच्या उघडझापीवरून स्वयंपाक चालला आहे की स्नान, याचा अंदाज यंत्राने बांधायचा होता.

असे यंत्र त्याज्य म्हणता येणार नाही. पडलेल्या आईची वार्ता वेळेवर कळली, तर तिचे प्राण वाचू शकतात. परंतु फ्रिज उघडला एवढेच यंत्राला कळते. आई जेवली की ताट तसेच झाकून ठेवले, हे कळत नाही. एकाकीपणाची नोंद कोणताच खण देत नाही. धोका असा, की 'सर्व ठीक' हा संदेश पाहून मुलाचे मन निश्चिंत होते आणि त्या निश्चिंततेलाच तो सेवा समजू लागतो.

स्तोत्र १३९ मध्ये कवी आपले बसणे-उठणे परमेश्वराला ठाऊक आहे असे म्हणतो. तरी शेवटी तो स्वतःच आपले अंतःकरण पारखण्याची विनंती करतो. ज्याच्या दृष्टीपासून काहीच लपत नाही, त्याच्यापुढेही मनुष्य आपल्या संमतीने उभा राहतो. मग ज्यांच्या दृष्टीला मर्यादा आहेत, त्या आपण वडिलांना न विचारता त्यांच्या न्हाणीघराच्या दारावर यंत्र लावावे काय? स्मृती शाबूत असतानाच त्यांच्याशी बोलावे: काय कळावे, कोणाला कळावे, आणि नको वाटल्यास ते बंद कसे करावे.

नोकरीनिमित्त गाव सोडून दूरच्या शहरांत स्थिरावलेल्या आपल्यापैकी अनेकांपुढे हा प्रश्न आज ना उद्या येईलच. यंत्र जरूर बसवावे. मात्र ज्या दिवशी ते 'सर्व ठीक' म्हणेल, त्याही दिवशी आईला फोन करावा. मातापित्यांचा मान राखण्याची आज्ञा आपल्याला दिलेली आहे, यंत्राला नव्हे.