गावचे ग्रंथालय: दान की देणे

ग्रंथालयासाठी सरकारकडे पैसे मागणे ही याचना की वसुली, हा प्रश्न वरवर कारभाराचा दिसतो. मुळात तो धर्मशास्त्राचा आहे. ज्ञान देणे हे पुण्यकर्म मानले, तर देणाऱ्याच्या मर्जीला महत्त्व येते आणि घेणाऱ्याला हात जोडून उभे राहावे लागते. ज्ञान हे ऋण मानले, तर न देणारा थकबाकीदार ठरतो. या दोन्ही कल्पना परंपरेत शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. आमदाराच्या हाती निवेदन देणारे वाचनालयाचे कार्यकर्तेही नकळत कधी एकीचा, तर कधी दुसरीचा आधार घेतात.

दानाची बाजू अर्थातच अधिक थाटाची. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा धर्मशास्त्राचा ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या दानखंडात विद्यादानाचा सविस्तर विचार आहे. पुराणांतून आलेला हा विधी असा: चांगला लेखनिक बसवून पोथी उतरवून घ्यावी, तिची पूजा करावी, वाजतगाजत ती देवालयात पोचवावी आणि तिथे तिचे वाचन करवावे. शाई-लेखणीचे दानही पुण्याचे, आणि वाचून दाखवणाऱ्याच्या चरितार्थाची तजवीज हाही त्याच पुण्याचा भाग. जैन परंपरेत शास्त्रदानाला असेच मोठे स्थान आहे. विदर्भातील कारंजा येथील जुने ग्रंथभांडार त्यातूनच उभे राहिले. बौद्धांनी तर धम्मदान सर्व दानांत श्रेष्ठ मानले.

पण दानाला पात्रता चिकटलेली असते. विद्या स्वतःच ब्राह्मणाकडे येऊन ‘मला अपात्राच्या हाती देऊ नकोस’ अशी विनवणी करते, ही कथा यास्काच्या निरुक्तात आहे आणि मनुस्मृतीनेही ती उचलली आहे. विद्या घेऊन मरावे, पण नापीक जमिनीत पेरू नये, असा मनूचा सल्ला. नापीक जमीन कोणती हे अर्थातच देणाराच ठरवी, आणि त्या हिशेबात स्त्रिया व शूद्र कधीच सुपीक ठरले नाहीत. सार्वजनिक ग्रंथालयाचे वेगळेपण इथे आहे. तिथे वर्गणी विचारतात, पात्रता विचारत नाहीत. कातकरी वाडीतला मुलगा आणि निवृत्त शिक्षक यांच्यापुढे तेच कपाट उघडते. दानशास्त्राने जी अट कधी सोडली नाही, ती ग्रंथालयाने एका झटक्यात रद्द केली. म्हणून ग्रंथालयाला दानाच्या चौकटीत बसवणे मुळातच अवघड जाते.

ऋणाची कल्पना त्याला जास्त जवळची आहे. तैत्तिरीय संहितेनुसार मनुष्य तीन ऋणे घेऊन जन्मतो, आणि त्यांपैकी ऋषिऋण अध्ययनानेच फिटते. मूळ वचन ब्राह्मणापुरते आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही त्यातला विचार पुढे नेता येतो: आधीच्यांकडून मिळालेले ज्ञान पुढे न देणारा माणूस कृपण नव्हे, ऋणको आहे. माधुकरी मागून शिकणाऱ्या विद्यार्थ्याकडे महाराष्ट्राने भिकारी म्हणून पाहिले नाही, यामागेही हीच समजूत होती.

या हिशेबात ऋणको कोण, ही नोंद बदलली ती जोतीराव फुल्यांनी. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारच्या उत्पन्नाकडे बोट दाखवले. महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हा त्यांचा मुद्दा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी त्यातूनच आली. त्या निवेदनात काकुळती कुठेही नाही. ज्याने भरले त्यालाच परत मिळावे, एवढेच म्हणणे. मग शिक्षण, शाळा किंवा पुस्तक ही सरकारची कृपा कशी राहील?

ग्रंथालयांच्या कायद्यांत ही दोन्ही अंगे दिसतात. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० पासून उभारलेल्या व्यवस्थेत गावाने वर्गणी जमवली की संस्थान आपला वाटा घाली. हे अर्धे दान, अर्धी भागीदारी. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालय कायदा केला, तो देशातला पहिला. मद्रासने १९४८ च्या कायद्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला. उपकर भरणाऱ्याला पुस्तक मागताना कोणाचे आभार मानावे लागत नाहीत. मुंबई प्रांतात १९३९ साली नेमलेल्या फैजी समितीने विचार पुष्कळ केला, पण महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला १९६७ मध्ये, आणि त्यात उपकर नाही. ग्रंथालय चालवायचे लोकांच्या संस्थेने; सरकार अ, ब, क, ड असा वर्ग ठरवून अनुदान देणार. पात्रता वाचकाची तपासायची सोडून ग्रंथालयाची तपासली जाऊ लागली, एवढाच फरक.

कर्जत तालुक्यात नेरळ–कळंब रस्त्यावरील पोशीरसारख्या गावाला ही वाट कशी दिसते? ग्रंथालये हा घटनेच्या राज्यसूचीतला विषय, तेव्हा मागणी खासदाराकडे नव्हे, आमदाराकडे न्यायची. संस्था नोंदवायची, पुस्तके जमवायची, मग अलिबागच्या जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यामार्फत मान्यतेचा प्रस्ताव. २०१२ मध्ये महसूल खात्याकडून राज्यातील ग्रंथालयांची पडताळणी झाली आणि त्यानंतर नवी मान्यता व वर्गवाढ वर्षानुवर्षे अडली. कागदावरच चालणारी वाचनालये सापडली हे खरे. ऋण मागणाऱ्याचा हिशेबही चोख हवा, हे वाचनालयांच्या कार्यकर्त्यांना तेव्हा महागात पडून कळले.

अनुदानाचे आकडे बोलके आहेत. २०२२-२३ पासूनच्या ६० टक्के वाढीनंतर ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार रुपये झाले. त्यातले निम्मे वेतनाचे. म्हणजे दप्तर सांभाळणे, पुस्तक देणे-घेणे, झाडलोट आणि सकाळी वर्तमानपत्रे मांडणे या सगळ्यांसाठी महिना दोन हजार. कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी मिळावी ही शिफारस व्यंकप्पा पत्की समितीची. तिच्यासाठीचे मोर्चे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला सवयीचे झाले आहेत. हेमाद्रीच्या काळात वाचणाऱ्याच्या पोटाची सोय पुण्यात धरली होती, हे इथे आठवावे.

लोकप्रतिनिधीला इमारत देणे सोपे जाते, यात नवल नाही. स्थानिक विकास निधीतून सभामंडप, सामाजिक सभागृह, प्रवेशद्वार होते. त्यावर कोनशिला बसते, नारळ फुटतो, नाव राहते. महिन्याच्या पगारावर कोनशिला बसत नाही. परतफेडीची अपेक्षा धरून दिलेले दान गीतेच्या सतराव्या अध्यायात राजस ठरते, आणि मतांची अपेक्षा ही परतफेडच. त्यामुळे पुस्तकांच्या खोलीसाठी आमदाराला गाठताना कार्यकर्ते खोलीच मागतात, ग्रंथपाल मागत नाहीत, ही चूक खरे तर मागणाऱ्यांचीही आहे. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून राज्याच्या वाट्यात आपली भर घालून पुस्तके व इमारती यांना मदत करते. पण राज्याने आपला वाटाच ठेवला नाही, तर भर कशात घालणार?

पाण्याबाबत असे होत नाही. पोशीर नदीवरच्या धरणासाठी सहा हजार कोटींहून अधिक रकमेच्या प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली. पाणी मुख्यतः मुंबई महानगर प्रदेशासाठी. या खर्चाला कोणी उपकार म्हटले नाही. विहिरी, तळी, धर्मशाळा यांना शास्त्राने पूर्तकर्मात, म्हणजे लोकोपयोगी धर्मकार्यात, घातले. ते करणे हे कर्तव्य मानले गेले. ज्या तालुक्याने पाणी द्यायचे, जमिनी द्यायच्या, त्याच्या गावांनी पुस्तकाच्या कपाटासाठी अर्ज घेऊन फिरावे, हा हिशेब फुल्यांच्या निवेदनातला वाटतो. ग्रंथालय पूर्तकर्मात गणले, तर मागणीचे स्वरूपच पालटते: ‘कृपा करावी’ याऐवजी ‘तरतूद का नाही’.

यावर गंभीर आक्षेप आहे तो स्वातंत्र्याचा. सरकारने सगळे द्यायचे, तर पुस्तकेही सरकारच निवडणार. १९६७ च्या कायद्याची एक चांगली बाजू अशी की ग्रंथालय गावाच्या संस्थेचे राहते. कोणते पुस्तक घ्यायचे हे कार्यकारिणी ठरवते, आणि लोकवर्गणीचा मान टिकतो. उपकराच्या राज्यांत ग्रंथालय बव्हंशी खात्याचे होते आणि ग्रंथपाल बदलीचा नोकर. दोन्हींतले चांगले घ्यायचे तर महाराष्ट्रातल्या मागणीला दोन कलमे हवीत: उपकरासारखा निश्चित, दर अधिवेशनाला मागावा न लागणारा निधी, आणि पुस्तकनिवड संस्थेच्याच हाती. पहिले कलम ऋणाचे, दुसरे दानातल्या निरपेक्षतेचे. आजवरच्या निवेदनांत पहिल्याचा आग्रह वाढीव टक्केवारीपुरता राहिला आहे, आणि दुसऱ्याचा उल्लेख क्वचितच होतो.