अंथरुणाला कोण खिळवतं?

आपल्याकडे पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला विचारावं, देवापाशी आता काय मागणं आहे? बहुतेकदा उत्तर एकच येतं: हातीपायी धड आहे तोवर ने. चालताबोलता जावं. या मागण्यात मरणाचं भय नसतं, भय असतं ते अंथरुणाचं. कुणीतरी कूस बदलून द्यायची, कुणीतरी पुसून काढायचं, आणि ते करणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा शीण आपण पडल्या पडल्या बघत राहायचा, याचं. ही भीती खरी आहे. पण तिच्या पोटात एक समजूत दडलेली असते. म्हातारपण लांबलं की माणूस अंथरुणाला खिळणारच, ते वयाचं काम, त्यापुढे कुणाचं काही चालत नाही, अशी ती समजूत. डॉक्टरांनीही ती पिढ्यान् पिढ्या मानली. तिला तडा गेला तो गेल्या शंभरेक वर्षांत, आणि तो कुठल्या जादूच्या औषधानं गेला नाही. वॉर्डात उभं राहून नीट बघणाऱ्या काही माणसांनी तो पाडला, आणि त्यांत बायका आघाडीवर होत्या.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये शुश्रूषेवरचं आपलं छोटं पुस्तक लिहिलं. पडून राहिलेल्या रुग्णाच्या पाठीला जखमा झाल्या, तर बहुधा दोष रोगाचा नसून शुश्रूषेचा असतो, असं त्यात त्यांनी स्पष्ट म्हटलं. त्याच सुमारास पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को हे नावाजलेले डॉक्टर काम करत होते. हजारो म्हाताऱ्या, निराधार बायकांचं ते आश्रयस्थान. म्हातारपणाच्या आजारांचा अभ्यास शार्कोंनी मन लावून केला, त्यावर व्याख्यानं दिली. मात्र मेंदू किंवा मज्जारज्जू बिघडलेल्या रुग्णांच्या जखमा आतूनच, नसांच्या बिघाडातून येतात, असं त्यांचं मत होतं. एवढ्या मोठ्या डॉक्टरानं हे म्हटल्यावर कूस बदलण्याला किंमत कोण देणार? नाइटिंगेलबाईंचं म्हणणं मागे पडलं. पुढे १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या इग्नाट्झ नाशर यांनी वृद्धांच्या वैद्यकाला ‘जेरियाट्रिक्स’ हे नाव दिलं. नाव मिळालं, पण वॉर्डातल्या खाटा होत्या तशाच भरलेल्या राहिल्या.

त्या खाटांपाशी पहिल्यांदा कुणी थांबलं ते १९३५ मध्ये, लंडनच्या पश्चिमेला आयझलवर्थ इथं. वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या गरीबखान्याचा दवाखाना सोपवण्यात आला आणि त्याची जबाबदारी डॉ. मार्जरी वॉरेन यांच्यावर आली. इंग्लंडमधले हे गरीबखाने म्हणजे ज्याला दुसरं दार उरलं नाही त्यानं ठोठवायचं शेवटचं दार. आत सातशेहून अधिक माणसं होती. अर्धांगवायू झालेले, हाड मोडून पडलेले, भ्रमिष्ट झालेले, नुसतेच थकलेले, सगळे एकत्र. कित्येकांना नेमकं काय झालंय हे कुणी तपासलंच नव्हतं. वर्षानुवर्षं पडून, म्हणून पुढेही पडून.

वॉरेन यांनी एकेकाला तपासलं. कुणाला कसला आजार आहे ते लिहून काढलं, त्यानुसार माणसं वेगळी केली. अंधारलेल्या वॉर्डांना फिकट रंग दिला, दिवे वाढवले, भिंतींना धरायला दांड्या लावल्या, बसून उठता येईल अशा खुर्च्या आणल्या. मग नर्स, फिजिओथेरपिस्ट आणि समाजसेविका यांना एकत्र घेऊन त्यांनी माणसांना उठवायला सुरुवात केली. आधी खाटेच्या कडेला पाय सोडून बसवायचं, मग खुर्चीत, मग उभं, मग दोन पावलं. वर्षानुवर्षं पाठ टेकून असलेली माणसं चालू लागली. काही घरी गेली. खाटा इतक्या रिकाम्या झाल्या की रुग्णालयाला त्या दुसऱ्या रुग्णांसाठी वापरता आल्या. १९४३ आणि १९४६ मध्ये वॉरेन यांनी हे सगळं वैद्यकीय नियतकालिकांत मांडलं. म्हाताऱ्यांना वेगळ्या कोपऱ्यात न टाकता सर्वसाधारण रुग्णालयातच त्यांचा विभाग हवा, आणि विद्यार्थ्यांना तिथं शिकवलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

मला या कामात सगळ्यांत मोलाची वाटते ती पहिली पायरी. उपचार नंतर आले, आधी प्रत्येकाकडे स्वतंत्र माणूस म्हणून बघणं आलं. ‘वय झालंय’ हे निदान नव्हे, ही साधी गोष्ट सातशे वेळा, सातशे खाटांपाशी सिद्ध करायला धीर लागतो.

मग १९४७ च्या डिसेंबरात रिचर्ड ॲशर या डॉक्टरांचा एक लहानसा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. विषय होता अंथरुणात पडून राहण्याचे धोके. अंगातल्या एकेका संस्थेचा त्यांनी हिशेब मांडला. छातीत कफ साठतो, पायांच्या शिरांत रक्त गोठतं, पाठ सोलवटते, सांधे आखडतात, हाडांतलं कॅल्शियम निघून जातं, लघवी तुंबते, पोट साफ होत नाही, आणि या सगळ्याच्या शेवटी मन खचतं. तोवर विश्रांती हा सगळ्या दुखण्यांवरचा निर्धोक इलाज समजला जाई. ॲशर यांनी विश्रांतीलाच औषधासारखं वागवलं: तिचीही मात्रा असते आणि ती जास्त झाली की विष होतं. साठ वर्षांनी, २००७ मध्ये, अमेरिकेत काही निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवून बघितलं. त्यांच्या पायांतला सरासरी जवळजवळ एक किलो स्नायू गेला होता. ही धडधाकट माणसं होती. न्यूमोनियानं पडून असलेल्या ऐंशी वर्षांच्या आजीचं दहा दिवसांत काय होत असेल, त्याचा अंदाज यावरून बांधावा.

या विचाराला शुश्रूषेचा कणा दिला तो डोरीन नॉर्टन या नर्सनं. मॅकलॅरन आणि डॉ. एक्स्टन-स्मिथ यांच्यासोबत त्यांनी वृद्धांच्या वॉर्डांतल्या शुश्रूषेचा कसून अभ्यास केला. तो १९६२ मध्ये छापून आला. त्या काळी पाठीला जखम होऊ नये म्हणून वॉर्डावॉर्डात नाना उपाय चालत. कुठं स्पिरिट, कुठं मलम, कुठं पावडर, वर जोरजोरात चोळणं, आणि प्रत्येक सिस्टरचा आपल्या उपायावर गाढ विश्वास. नॉर्टन यांनी ते उपाय पारखले आणि दाखवून दिलं की खरा फरक पडतो तो दाब हटवण्यानं, म्हणजे ठरल्या वेळी कूस बदलण्यानं. कोणाला धोका जास्त आहे हे आधीच ओळखता यावं म्हणून त्यांनी एक मोजपट्टी बनवली. शरीराची स्थिती, मनाची स्थिती, चालणंफिरणं, अंथरुणातल्या अंथरुणात हलणं, मलमूत्रावरचा ताबा, अशा पाच बाबी. प्रत्येकीला एक ते चार गुण, एकूण वीस. चौदा किंवा त्याहून कमी गुण पडले तर जपायला हवं. इतकी साधी, की कागदपेन्सिल घेऊन ती कुणालाही भरता येते.

त्याच सुमारास एक्स्टन-स्मिथ यांनी गाद्यांना उपकरणं जोडून म्हातारी माणसं रात्रभरात किती वेळा आपसूक हलतात ते मोजलं. पन्नासहून अधिक वेळा हलणाऱ्यांना जखमा झाल्याच नाहीत. वीसहून कमी वेळा हलणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळ्यांना झाल्या. झोपेतल्या नकळत हालचालीत शरीर स्वतःची केवढी राखण करत असतं! आणि रात्री त्रास नको म्हणून दिलेली झोपेची गोळी नेमकी तीच हालचाल थांबवते.

दरम्यान अमेरिकेच्या व्हर्जिनिया हेंडरसन यांनी नर्सच्या कामाची व्याख्या केली होती, आणि परिचारिकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं १९६० मध्ये ती पुस्तिकेच्या रूपानं जगभर पोचवली. अंगात बळ, मनात इच्छा आणि पुरेशी माहिती असती तर माणसानं स्वतःच जे केलं असतं, त्यात त्याला मदत करायची, आणि ती अशी करायची की लवकरात लवकर त्याला मदत लागू नये, असा तिचा आशय. व्याख्येचा दुसरा भाग पाळणं फार अवघड. आजोबांना भरवायला दहा मिनिटं लागतात. त्यांच्या थरथरत्या हातात चमचा देऊन शेजारी बसलं, तर अर्धा तास जातो, आमटी सांडते, चादर बदलावी लागते. सदरा घालून देणं सोपं, बाहीत हात जाईपर्यंत वाट बघणं अवघड. पण त्या अर्ध्या तासातच हाताचं बळ टिकत असतं. चांगली नर्स ओळखायची ती यावरून, की हात पुढे कधी करायचा आणि कधी आवरायचा हे तिला कळतं. बाहेरून बघणाऱ्याला ती काहीच करत नाहीये असं वाटतं, आणि म्हणूनच या कौशल्याला ना पगार मिळतो ना मान.

तरी एक शंका उरत होती. असलेलं टिकवता येईल, पण गेलेलं बळ नव्वदीत परत येतं का? १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्ध पुनर्वसन केंद्रात मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. ज्यांनी व्यायाम पुरा केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी चालताना काठी सोडली. अभ्यास लहान होता, पण त्यानंतर वयाकडे बोट दाखवून गप्प बसण्याची सोय उरली नाही. कायदाही याच दिशेनं वळत होता. पडतील म्हणून माणसांना खुर्चीला, खाटेला बांधून ठेवायची रीत अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये सर्रास होती. त्याआधीच, १९८७ च्या कायद्यानं निव्वळ कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी असं बांधायला बंदी आणली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ च्या अहवालात निरोगी वार्धक्य म्हणजे काय हे सांगताना रोग नसण्याची अट घातलीच नाही. माणसाला जे मोलाचं वाटतं ते करता येण्याची क्षमता टिकवणं, हा त्यांनी धरलेला अर्थ. मधुमेह आहे, गुडघे दुखतात, तरी सकाळी स्वतः चहा करून अंगणात बसता येतं, तर तो माणूस या व्याख्येत बसतो.

हा विचार इथवर आणताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. प्रत्येकाला उठवता येत नाही. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या किंवा स्मृतिभ्रंशात फार पुढे गेलेल्या माणसाला ‘चला, उठा’ म्हणून ओढणं हा छळ आहे. सिसिली सॉन्डर्स, ज्या आधी नर्स होत्या आणि पुढे डॉक्टर झाल्या, त्यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्टोफर हॉस्पिस सुरू केलं ते अशा माणसांचं दुखणं हलकं करण्यासाठी. तिथं विश्रांती हाच हक्क असतो. पण उठू शकणारा कोण आणि न उठवण्यातच ज्याचं भलं आहे असा कोण, हे ठरवायलाही आधी नीट बघावंच लागतं. न बघता दोघांनाही सारखं पाडून ठेवण्यात कसली आली माया?

आता आपल्या घरात बघू. महाराष्ट्रात अंथरूण धरलेली म्हातारी माणसं मुख्यत्वे घरीच असतात. पुण्या-मुंबईत ब्युरोतून त्यांना सांभाळायला मावशी येते, बारा तासांची पाळी करते. खेड्यात सून, नाहीतर म्हातारीच म्हाताऱ्याचं करते. माया असते, कष्टही असतात. ‘तुम्ही आयुष्यभर राबलात, आता पडून राहा’ हे आपण मनापासून म्हणतो, आणि पाणी, ताट, पॉट सगळं खाटेवर देतो. त्यानं पाय जातात. मावशीला कुणी काही शिकवलेलं नसतं. पडले तर माझ्यावर येईल, या धास्तीनं ती उठवतच नाही, आणि तिला दोष देता येत नाही. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदननं सरळ ससून रुग्णालयात बायकांना नर्सिंगचं शिक्षण मिळवून दिलं, तेव्हा रुग्णाला हात लावण्याचं काम हलकं मानलं जाई. शतक उलटलं. शिकलेल्या नर्सला आज मान आहे. पण घराघरातल्या मावशीचं काम अजून हलकंच धरतात, आणि आपले आईवडील मात्र तिच्याच हाती असतात.

ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर, बागेतल्या हास्यक्लबात जी मंडळी दिसतात ती चालती आहेत म्हणून दिसतात. खुबा मोडल्यावर त्यांतलं एखादं यायचं बंद होतं आणि हळूहळू त्याचं नावही निघेनासं होतं. सरकारी पातळीवर २०१० पासून वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वॉर्ड आणि फिजिओथेरपीची तरतूद आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळालं, ही मोठी गोष्ट आहे. पण हे पैसे रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांचे. घरी परतल्यावर महिनाभर कुणी येऊन आजीला चालवावं, यासाठी त्यात काही नाही. खुब्याची शस्त्रक्रिया फुकट होते, आणि नंतर पहिलं पाऊल टाकायला शिकवणारं कुणी नाही म्हणून त्याच आजी अंथरूण धरतात.

सरकारनं घरपोच शुश्रूषेला आणि मावशींच्या प्रशिक्षणाला पैसा द्यायला हवा. ते होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांच्या घरचं वडीलधारं माणूस रुग्णालयातून परतणार आहे, त्यांनी डिस्चार्जच्या कागदावरची औषधं समजून घेताना आणखी काही प्रश्न विचारावेत. यांना बसवायचं कधी? उभं करायचं कधी? दिवसातून किती वेळा चालवायचं, आणि काय काय त्यांचं त्यांनाच करू द्यायचं? उत्तर मिळाल्याशिवाय उठू नका. फिजिओथेरपिस्टला निदान एकदा घरी बोलवा, आणि तो शिकवत असताना मावशींनाही शेजारी उभं करा.