सातबाऱ्यावरचे नाव

मिस्सा संपल्यावर आवारात एका गृहस्थांनी आम्हाला हसतच विचारले, "फादर, सरकारने खात्यावर टाकलेले पैसे ठेवणे पाप आहे का?" गृहस्थ कोल्हापुरात नोकरी करतात, प्राप्तिकर भरतात. शिरोळ तालुक्यात वडिलार्जित दीड एकर त्यांच्या नावावर आहे. पीएम किसान योजनेचे हप्ते त्यांना मिळत होते. मग ते परत करण्याची नोटीस आली.

उत्तर कठीण नव्हते. ही योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. प्राप्तिकर भरणाऱ्यांना तिच्यातून वगळले आहे, आणि नाव नोंदवताना आपण अटींत बसतो असे लिहून द्यावे लागते. तेव्हा "सरकारने टाकले" एवढे म्हणून सुटका नाही. २०२० मध्ये राज्यात अनेकांना अशा नोटिसा गेल्या. सरकारचा पैसा म्हणजे कोणाचाच नाही, अशी आपली एक सोयीची समजूत असते. पण साबणाची वडी विकत घेणारा मजूरही त्या तिजोरीत भर घालतो. गृहस्थांनी पैसे भरून टाकले.

तरी त्यांचे समाधान झालेले दिसेना. जमीन ते स्वतः कसत नाहीत. गावातला एक जण ती खंडाने करतो. लागण, भांगलण, खताची उधारी, सगळे त्याच्या अंगावर. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ऊस कुजला तोही त्याचाच. (त्या वर्षी खंड घेतला नाही, असे गृहस्थ म्हणाले. आम्हाला बरे वाटले.) त्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, म्हणून त्याला हप्ता नाही. २०२३ मध्ये राज्याने नमो शेतकरी योजनेतून आणखी ६,००० ची जोड दिली, तीही पीएम किसानच्याच लाभार्थ्यांना.

मग त्याचे नाव कागदावर का नाही? त्यामागे भीती आहे. १९४८ च्या कुळकायद्याने कसणाऱ्याला हक्क दिला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवून कुळांना मालक केले. हजारो घरे त्याने उभी राहिली. पण तेव्हापासून मालक खंडाचा व्यवहार लिहून द्यायला कचरतो, कुळ लागेल म्हणून. कसणाऱ्यासाठी केलेल्या कायद्याच्या धाकानेच आजचा कसणारा कागदाबाहेर राहिला आहे.

सेमिनरीत आम्ही न्यायाचे प्रकार पाठ केले होते. देवघेवीचा न्याय वेगळा, वाटपाचा वेगळा. आपले नसलेले परत करणे हा पहिला, आणि तो गृहस्थांनी पाळला. दुसऱ्यात अडचण अशी, की कायद्याने जे आपले आहे त्यातही दुसऱ्याचा वाटा असू शकतो. शेतकऱ्याला आधार म्हणून आलेला पैसा शेती सोडून दिलेल्याने घ्यावा, यात नियम मोडत नाही; हेतू मात्र मोडतो. अर्थात सगळे मालक सारखे नसतात. दहा गुंठे खंडाने देऊन त्यावर औषधपाणी भागवणारी म्हातारी विधवा कित्येकदा कसणाऱ्याहून गरीब असते. तिच्याकडे आम्ही बोट दाखवणार नाही. म्हणूनच याचा एकच नियम करता येत नाही. प्रत्येकाने आपापल्या सातबाऱ्यासमोर बसून विचार करायचा आहे.

गृहस्थांचे थोरले बंधू गावातच असतात. दुकान चालते, प्राप्तिकर लागू नाही, हप्ता रीतसर मिळतो. त्यांचीही जमीन तोच माणूस कसतो. "दादाला काय सांगू?" गृहस्थांनी विचारले. आम्ही म्हणालो, जे आम्हाला सांगितलेत तेच सांगा, आणि पुढच्या खंडातून हप्त्याची रक्कम वळती करता येईल का, एवढे विचारा.

त्यांनी विचारले. दादा म्हणाले, बघू. गळिताचा हंगाम संपला, अजून बघणे चालू आहे.