वाटसरूच्या कचऱ्याचा धनी कोण?

रस्त्याकडेच्या कचऱ्याचा विषय निघाला, की आपल्याकडे चर्चा लगेच संस्कारांवर घसरते. लोकांना शिस्त नाही, गाडगेबाबांच्या महाराष्ट्रात ही दशा, वगैरे. उपायही ठरलेला असतो: श्रमदान. १ ऑक्टोबर २०२३ रोजी देशभर ‘एक तारीख, एक तास’ ही स्वच्छता मोहीम झाली, तेव्हाही बोलण्याचा रोख हाच होता. सरकारने यात पैसा कशाला घालायचा, लोकांनीच हे हाती घ्यायला हवे.

नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, हे म्हणणे जास्त वजनाने मांडले जाते, कारण दाखला घरचाच आहे. हिवरे बाजार हे गाव पाणी अडवण्याच्या श्रमदानाने उभे राहिले, मग रस्ता का साफ होणार नाही? दाखला खरा, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा. एक तर तिथली कामे नुसत्या श्रमदानाची नव्हती. रोजगार हमीचा आणि आदर्श गाव योजनेचा सरकारी पैसा त्यात होता. दुसरे असे, की ज्याने घाम गाळला त्याच्याच विहिरीचे पाणी वाढले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी मोडणारा कोण, हे गावाला नावानिशी कळत होते. नगर-मनमाड रस्त्यावर धावत्या गाडीतून बाटली भिरकावणारा कोणाच्या ओळखीचा? गावाने सकाळी झाडलेली साइडपट्टी संध्याकाळपर्यंत पुन्हा भरते आणि ती भरणारा तोवर शिर्डीला नाहीतर पुण्याला पोचलेला असतो. त्याच्यासाठी गावाने दर रविवारी कंबरेत वाकायचे, याला मी वेठ म्हणतो.

शिवाय झाडून गोळा केलेल्या कचऱ्याचे पुढे काय? मोहीम संपते, फोटो निघतात आणि भरलेली पोती फाट्यावर राहतात. कुत्री ती फाडतात, नाहीतर कोणीतरी काडी लावते. दोन दिवसांत गुटख्याच्या पुड्या नि वेफर्सची पाकिटे पुन्हा चारीत, काळ्या पिशव्या पुन्हा बाभळीला. झाडायला हात पुरतात. वाहून न्यायला ट्रॅक्टर, डिझेल, चालकाचा पगार आणि कचरा उतरवायला जागा लागते, आणि यातले काहीच श्रमदानातून येत नाही.

दंड करा म्हणणाऱ्यांनी चालत्या गाडीला गाठायचे कसे ते सांगावे. कंत्राट द्या म्हणणाऱ्यांनी बिल कोण भरणार ते सांगावे.

सरकार विरुद्ध लोक हा वादच मला उथळ वाटतो. खरा भेद आहे तो रहिवाशाचा कचरा आणि वाटसरूचा कचरा यांत. पहिल्याबाबत मी श्रमदानवाल्यांच्या बाजूचा आहे; आपल्या दारातले आपण उचलावे. दुसऱ्याचा मात्र हिशोबच कुठे धरलेला नाही. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण भागाचा दुसरा टप्पा २०२० मध्ये आला. त्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी जास्तीत जास्त ६० रुपये धरले, त्याहून मोठ्या गावाला ४५. तीन हजार वस्तीच्या गावाला फार तर १ लाख ८० हजार, त्यातलेही ३० टक्के ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे. हे माणशी म्हणजे गावचे रहिवासी. रामनवमीला शिर्डीकडे चालत येणाऱ्या पालख्या, अमावास्येची शनिशिंगणापूरची गर्दी, रोजच्या हजारो गाड्या यांतला एकही माणूस त्यात मोजलेला नाही. साइडपट्टी बांधकाम खात्याची किंवा महामार्ग प्राधिकरणाची, आणि तिच्यावरचा कचरा गावाच्या माथी.

वारीच्या वाटेवर फिरती शौचालये सरकारी खर्चाने उभी राहतात. म्हणजे वाटसरूचा भार गावावर टाकू नये, हे तत्त्व सरकारने मान्य केलेलेच आहे. ते वर्षभर लागू करायला हवे. निधी आला की तो मुरतो, ही शंका रास्त आहे, आणि म्हणूनच तो रस्त्याच्या लांबीवर बांधलेला असावा. देखभालीच्या पैशातून किलोमीटरमागे ठरावीक वाटा रस्त्याकडेच्या गावांना मिळावा, आणि कोणत्या गावचा कचरा कोणी कधी न्यायचा हे जिल्हा परिषदेने ठरवावे. त्याच मिशनमध्ये तालुक्याला एक प्लास्टिक प्रक्रिया केंद्र, त्यासाठी १६ लाखांपर्यंतची तरतूद आहे. पोती तिथवर पोचली तरच त्याचा उपयोग. रस्त्याकडेच्या गावांनी पुढच्या ग्रामसभेत असा ठराव करून तो जिल्हा नियोजन समितीकडे पाठवावा.