‘कॉन’ नावाची फाइल

विंडोजवर ‘कॉन’ या तीन इंग्रजी अक्षरांच्या नावाची फाइल करायला गेलं, की संगणक वर्षानुवर्षं नकार देत आला. मूळ आहे विंडोजच्या आधीच्या, १९८१ च्या डॉस या प्रणालीत. तिथे कीबोर्ड आणि स्क्रीन मिळून ‘कॉन’ हे राखीव नाव होतं. फोल्डरची सोय १९८३ साली आली. तोवर लिहिलेले प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून ते नाव प्रत्येक फोल्डरमध्ये राखीव ठेवलं गेलं. पैसा आणि हुशार माणसं मुबलक असताना मायक्रोसॉफ्टला एवढं जळमट का झाडता येऊ नये?

आळस, हे सोपं उत्तर. ते फार काळ टिकलं नाही.

मेल्विन कॉनवे या अमेरिकी प्रोग्रॅमरने १९६८ सालीच एका लेखात मांडलं, की संस्था जी प्रणाली घडवते, तिच्यात त्या संस्थेतल्या संवादाचीच रचना उतरते. त्याचं उदाहरण मजेशीर आहे. एका संस्थेत आठ जणांना दोन प्रोग्रॅमिंग भाषांचे कंपायलर करायचे होते. कोबोलसाठी पाच माणसं दिली, अल्गोलसाठी तीन. कोबोलचा कंपायलर पाच टप्प्यांत चालू लागला, अल्गोलचा तीन टप्प्यांत! ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ने पुराव्याअभावी हा लेख परत केला, ‘डेटामेशन’ या मासिकाने छापला. कॉनवेच्या म्हणण्याचा उलटा अर्थ कंपन्यांना जास्त झोंबणारा आहे. रचना बदलायची, तर विभाग मोडावे लागतात आणि कुणाची तरी खुर्ची हलते.

१९९० साली रिबेका हेंडरसन आणि किम क्लार्क या संशोधकांनी याहून खोलवर बोट ठेवलं. चिपनिर्मितीच्या यंत्रांच्या धंद्यात पिढी बदलली, की आघाडीची कंपनी मागे पडे. त्यातल्याच कॅस्पर या कंपनीच्या इंजिनिअरांनी कॅननचं यंत्र पाहिलं आणि ‘ही तर आपलीच नक्कल’ असा निर्वाळा दिला. भाग ओळखीचे होते. बदललेली जुळणी त्यांच्या नजरेतून निसटली.

नेटस्केप या ब्राउझर कंपनीने मात्र धाडस केलं. १९९८ साली जुना ब्राउझर बाजूला ठेवून नवा लिहायला घेतला. पाचवी आवृत्ती आलीच नाही. सहावी आली २००० च्या नोव्हेंबरात, तोवर मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररने मैदान मारलं होतं. या पडझडीत मायक्रोसॉफ्टच्या दांडगाईचाही वाटा होता, हे सांगायचं बहुधा राहून जातं. मुळापासून पुन्हा लिहू नये, हा धडा तेवढा उद्योगाने पाठ केला.

फेसबुकने त्यातून पळवाट काढली. संकेतस्थळ पीएचपी या भाषेत वाढलेलं आणि पीएचपी संथ. तेव्हा वरचा कोड ठेवून खालचं इंजिन बदललं: २०१० मध्ये पीएचपीचं सी++ मध्ये रूपांतर करणारं हिपहॉप आणलं, २०१४ मध्ये हॅक ही स्वतःची भाषा. हे जमलं, कारण कोड घरचाच होता. ॲपलने तर इतरांचीही पर्वा केली नाही: २०१९ साली मॅकवरचे जुने ३२-बिट प्रोग्रॅम सरळ बंद केले, ग्राहक कुरकुरले.

मायक्रोसॉफ्टचा संसार मात्र दुसऱ्यांच्या प्रोग्रॅमवर उभा आहे. कारखान्यातलं एखादं जुनं यंत्र ज्या प्रोग्रॅमवर चालतं, तो लिहिणारा कदाचित केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. विंडोज बदललं म्हणून ते यंत्र थांबलं, तर तक्रारीचा फोन त्याला जाणार नाही; मायक्रोसॉफ्टलाच येईल.