न झालेला गोल

न्यायशास्त्राचा ‘तर्कसंग्रह’ हा ग्रंथ शिकवताना सातव्या पदार्थापाशी, म्हणजे अस्तित्वाच्या सातव्या प्रकारापाशी, वर्ग हमखास अडायचा. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय, इथवर मुलं निमूट येत. ‘अभाव’ आला की कुणीतरी विचारायचंच: जे नाही, त्याला पदार्थ कसं म्हणायचं? मी नैयायिकांचं, म्हणजे न्यायशास्त्रकारांचं, उत्तर देई. ‘जमिनीवर घट नाही’ हे ज्ञान खरं आहे, तर त्या ज्ञानाला खरा विषयही हवा. तो विषय म्हणजे घटाचा अभाव. मुलं उत्तर वहीत उतरवून घेत.

निवृत्तीनंतर मी पुण्याहून मुलीकडे ऑन्टारिओत राहायला आले. इथे आइस हॉकीच्या रिंगणातला बर्फ उन्हाळ्यात काढतात आणि त्या जागी बॉक्स लॅक्रॉस खेळतात. जाळी लावलेल्या काठीने कडक रबरी चेंडू झेलायचा, फेकायचा, गोलात मारायचा. दोन्हीकडे पाच-पाच धावणारे आणि एकेक गोलकीपर. माझा नातू बचावात खेळतो. त्याच्यामुळे मी ब्रोडी मेरिल या बचावपटूचे सामने पाहू लागले, आणि तेव्हापासून अभावाचा विचार माझ्या मनातून हललेला नाही.

मेरिल आमच्या जवळच्याच ऑरेंजव्हिलचा. जॉर्जटाउन विद्यापीठातून 2005 मध्ये बाहेर पडला, नॅशनल लॅक्रॉस लीगमध्ये पोर्टलंडपासून सुरुवात करून एडमंटन, फिलाडेल्फिया, टोरोंटो, सॅन डिएगो अशा संघांतून दीड दशकाहून जास्त खेळला. मैदानी लॅक्रॉसमध्ये तो बचावपटूची सहा फुटी लांब काठी घेऊन उतरे. 2006 आणि 2014 मध्ये विश्वविजेत्या ठरलेल्या कॅनडाच्या संघांत तो होता. त्याच्या नावावर दोन हजारांहून जास्त लूज बॉल आहेत, म्हणजे कुणाच्याच ताब्यात नसलेले, त्याने धावून उचललेले चेंडू. हे मोजता येतं, कारण ते घडलं. पण बचावपटूच्या आयुष्याचा मोठा भाग घडलेल्या गोष्टींचा नसतो. समोरच्याला मधल्या वाटेवरून कडेला रेटत न्यायचं, सहकारी चकला तर आपला माणूस सोडून त्याच्या मदतीला सरकायचं, आणि ज्या कोनातून शॉट बसला असता तो कोन शॉट सुटायच्या आधीच बुजवायचा. सगळं जमलं तर काहीच होत नाही. लीगमध्ये तीस सेकंदांत शॉट घ्यावा लागतो. मुदत संपते, हॉर्न वाजतो, चेंडू दुसऱ्या बाजूला जातो. त्या पाचांपैकी कुणाचं नाव घ्यायचं?

प्राभाकर मीमांसकांना, म्हणजे मीमांसा दर्शनाच्या एका शाखेच्या पंडितांना, विचारलं तर ते म्हणतील, यात निराळं काही नाहीच. घट नसणं म्हणजे नुसती मोकळी जमीन, आणि गोल न होणं म्हणजे नुसती रिकामी जाळी. मला हे मुळीच पटत नाही. कुणीही न खेळलेल्या रात्रीही जाळी रिकामीच असते. पण त्या रिकामेपणात आणि मेरिलने राखलेल्या रिकामेपणात फरक आहे, आणि नैयायिकांनी तो नेमका धरला आहे. अभाव नेहमी कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, तो प्रतियोगी ठाऊक असल्याशिवाय अभाव कळतच नाही. घट कधी न पाहिलेल्याला घटाचा अभाव दिसणार नाही. म्हणून स्टँडमधली टाळी शॉटला पडते, कारण शॉट सर्वांना दिसतो. आणि न झालेला गोल फक्त त्यालाच दिसतो, ज्याला होऊ शकणारे गोल बारकाईने ठाऊक आहेत. बचावपटू वर्षानुवर्षं शिकतो ते हेच, दुसऱ्याचे गोल. गोल मारणाऱ्यालाही स्वतःचे गोल कदाचित इतके पाठ नसतील.

विस्तवाजवळ विशिष्ट मणी ठेवला तर विस्तव जाळत नाही, असं एक उदाहरण न्यायशास्त्रात येतं. मीमांसक म्हणतात, मण्याने अग्नीची दाहशक्ती नाहीशी केली. नैयायिकांना हे मान्य नाही. अग्नी होता तसाच आहे. पण प्रतिबंधकाचा अभाव हेही प्रत्येक कार्याचं एक कारण असतं, आणि मणी तिथे असल्यामुळे तेवढं एक कारण उणं पडलं. बचावपटूची इतकी नेमकी आणि इतकी सभ्य व्याख्या मला दुसरीकडे सापडली नाही. समोरच्या खेळाडूचं कौशल्य तो पुसत नाही, पुसायची त्याला गरजही नाही. त्याने फक्त तिथे असायचं, वेळेवर आणि योग्य जागी. नातवाचा संघ हरला की तो म्हणतो, “आजी, माझ्या माणसाला एकही शॉट मिळाला नाही.” घरात ते कुणी फारसं मनावर घेत नाही. मी घेते.

मग हे न झालेले गोल पाहतो कोण? ज्यांचा हा खेळ मुळात आहे त्या होडेनोशोनी या इथल्या मूळनिवासी लोकांकडे याचं उत्तर आहे. ते त्याला निर्मात्याचा खेळ म्हणतात. तो निर्मात्याच्या आनंदासाठी खेळायचा, आणि गावात कुणी आजारी असेल तर औषध म्हणूनही. त्यांच्यातल्याच ओनोंडागांचे श्रद्धारक्षक ओरेन लायन्स हे स्वतः गोलकीपर. 1957 मध्ये सिराक्यूज विद्यापीठाच्या अपराजित संघाचा गोल तेच राखत. नैयायिकांचा ईश्वर सर्वज्ञ आहे, म्हणजे न झालेला प्रत्येक गोल आणि त्याचा प्रत्येक प्रतियोगी त्याला ठाऊक. हे दोन देव एकच, असं मी म्हणणार नाही. ओनोंडागांना त्यांच्या देवाविषयी माझ्या शास्त्राची गरज नाही. पण जो खेळ असा पाहणारा गृहीत धरून खेळला गेला, त्यात बचावपटूचं काम आणि गोल मारणाऱ्याचं काम एकाच मोलाचं असणार, इतकं मला त्यातून नक्की कळतं. तिकिटं विकणाऱ्या लीगला तो पाहणारा गृहीत धरता येत नाही. तिला गोल मोजावे लागतात. आणि तरीही मेरिलसारखी माणसं तिथे आपलं सगळं उमेदीचं वय अभाव राखण्यात घालवतात, ही मला श्रद्धेचीच गोष्ट वाटते, मग ते स्वतः तिला काहीही म्हणोत.