स्मृति आणि सत्य

कारंजा तालुक्यांतील कामरगांवीं दोघां भावांत धुऱ्यावरून तंटा पडला, तेव्हां मध्यस्थ म्हणून आम्हांस बोलावणें आलें. थोरला म्हणे, 'वडिलांनीं बाभळीपर्यंतचें शेत मला दिलें'. धाकटा म्हणे, 'बाभळीपर्यंत नव्हे, विहिरीपर्यंत.' वडिलांचें बोलणें झालें त्या वेळीं दोघेही हजर होते, आणि आतां दोघेही देवापुढें शपथ घेण्यास सिद्ध होते. दोन्ही गोष्टी खऱ्या असणें शक्य नाहीं. अर्थात् एक जण खोटें बोलत आहे, असा तर्क करून आम्हीं धाकट्यास चारचौघांत खोटा ठरविलें. तो तर्क सदोष होता, हें पुढें मानसशास्त्राचा इतिहास वाचतांना आम्हांस कळलें.

स्मृति ही एक पेटी असून तींत ठेविलेली वस्तु जशीच्या तशी बाहेर काढतां येते, अशी आपणां सर्वांची समजूत असते. जर्मनींतील एबिंगहाउस यानें सुमारें २३०० निरर्थक अक्षरसमूह रचिले. ते तो स्वतः पाठ करी आणि कांहीं काळानें पुन्हा पाठ करण्यास किती कमी श्रम पडतात, हें मोजी. विस्मृतीचेंही मोजमाप होऊं शकतें, हें त्याच्या १८८५ सालच्या ग्रंथानें दाखविलें. परंतु निरर्थक अक्षरांवरून सार्थ आठवणींचा निवाडा करणें कठीण. पुढें १९१३ सालीं अमेरिकेंत वॉटसन यानें मनाचा विचार सोडून केवळ वर्तनाचा अभ्यास करावा, असा पक्ष मांडला, आणि तिकडे स्मृति, कल्पना, विचार हे विषय कित्येक वर्षें मागें पडले.

केंब्रिजच्या बार्टलेट यानें मात्र निराळी वाट धरली. त्यानें इंग्रज विद्यार्थ्यांस अमेरिकेंतील मूळ रहिवाशांची एक भुतांच्या युद्धाची कथा वाचावयास देऊन ती पुनःपुन्हा आठवून लिहावयास सांगितली. त्यांच्या लेखनांत सीलच्या शिकारीची मासेमारी झाली, आणि जें अनाकलनीय होतें तें गळून पडलें. लबाडी कोणाचीच नव्हती. ज्यानें त्यानें आपल्या परिचयाच्या जगांत बसेल अशी कथा नव्यानें घडविली होती. स्मरण म्हणजे पुनर्रचना, हा त्याच्या १९३२ सालच्या ग्रंथाचा सिद्धांत. ही दृष्टि १९५० नंतर अमेरिकेंतही मान्यता पावली, आणि १९६७ सालीं नाइसर याच्या ग्रंथामुळें 'बोधनिक मानसशास्त्र' हें नांव रूढ झालें. त्या नाइसरलाच ७ डिसेंबर १९४१ रोजीं पर्ल हार्बरवरील हल्ल्याची वार्ता बेसबॉलच्या सामन्याचें रेडिओवरील वर्णन चालू असतांना ऐकल्याचें स्पष्ट आठवत असे. डिसेंबरांत ते सामने होतच नाहींत, हें त्याच्या ध्यानांत आलें तें कित्येक वर्षांनीं!

अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहां'त अनुभव व स्मृति असे बुद्धीचे भेद करून स्मृतीही यथार्थ व अयथार्थ अशी द्विविध मानिली आहे. मात्र तेथें अयथार्थ स्मृतीचा दोष मूळच्या चुकीच्या ज्ञानाकडे जातो. अनुभव खरा असूनही आठवतांना तो बदलतो, ही अर्वाचीन शास्त्राची भर होय.

तर मग जगांत कोणी खोटें बोलतच नाहीं काय? तसें नव्हे. जाणूनबुजून फसविणें तें असत्य. आठवण चुकणें हा प्रमाद. परंतु हा भेद एकदां कळल्यावर आपणांवर एक नवें कर्तव्य येऊन पडतें. 'असेंच घडलें' असें म्हणण्याऐवजीं 'मला असें आठवतें' असें म्हणावें, व दुसऱ्याच्या स्मृतीसही तितकीच मोकळीक द्यावी. धुरा मोजणीनें ठरतो. मनुष्याच्या सचोटीस तशी मोजणी नाहीं. म्हणूनच ती नाकारतांना हात आंखडला पाहिजे. आमचा हात आंखडला नाहीं. त्या धाकट्या भावास दिलेलें दूषण आम्हीं अद्याप परत घेतलेलें नाहीं. तें चारचौघांत दिलें होतें, तेव्हां चारचौघांतच परत घेणें आम्हांस प्राप्त आहे.